विश्लेषण : पान चालेल, गोळी नाही? अमेरिकेतील राज्ये ‘क्रॅटम’ला वेसण कशी घालत आहेत?

अमेरिकेत पेट्रोल पंपाला लागून असलेल्या दुकानात कॉफी, चिप्स आणि लॉटरीच्या तिकिटांशेजारी काही हिरवी पाकिटे आणि बोटभर उंचीच्या बाटल्या मांडलेल्या असतात. त्यावर लिहिलेले असते ‘क्रॅटम’. शिकागोत एमएस करणाऱ्या माझ्या इंजिनीअरिंगच्या मित्राने मागे अशाच एका पाकिटाचा फोटो पाठवून विचारले होते, ‘हे आयुर्वेदिक काही आहे का रे?’ उत्तर शोधायला बसलो आणि वेगळीच गोष्ट हाती लागली. हे पाकीट तो शिकागोत बिल घेऊन विकत घेऊ शकतो. तेच पाकीट बॅगेत ठेवून दीड तासावरच्या मिलवॉकीला गेला, तर तो गुन्हा. दुसऱ्या दिशेने इंडियाना राज्याची हद्द ओलांडली, तरी गुन्हाच. देश एक, वस्तू एक, कायदे मात्र राज्यागणिक वेगळे. असे का झाले आणि राज्यांनी केलेल्या नियमांनी ग्राहकाचे खरेच रक्षण होते का, ते पाहू.

क्रॅटम म्हणजे नेमके काय?

क्रॅटम हे आग्नेय आशियातले झाड. शास्त्रीय नाव ‘मित्रगायना स्पेशिओसा’. कॉफी ज्या कुळातली, त्याच रुबिएसी कुळातले. आपल्या रानात आढळणारा कळंब याच प्रजातीचा भाऊबंद आहे, पण या धंद्याशी त्याचा संबंध नाही. क्रॅटम वाढते ते थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी या दमट पट्ट्यात. तिथले शेतमजूर, रबराच्या मळ्यांतले कामगार पिढ्यानपिढ्या त्याची ताजी पाने चघळत आले आहेत. आपल्याकडे उन्हात राबणारा माणूस तंबाखूची चिमूट लावतो, साधारण तसाच प्रकार. थोडी पाने खाल्ली की तरतरी येते, जास्त खाल्ली की अंग सैल पडते आणि दुखणे कमी जाणवते.

या परिणामामागे दोन रसायने आहेत. पहिले मित्रगायनिन. पानातल्या अल्कलॉइडमध्ये सर्वांत मोठा वाटा याचाच. दुसरे ७-हायड्रॉक्सीमित्रगायनिन, ज्याला बाजारात ‘७-ओएच’ म्हणतात. हे पानात अगदी नगण्य असते. दोन्ही रसायने मेंदूतल्या ज्या ग्राहींवर मॉर्फिन काम करते, त्याच ग्राहींना जाऊन चिकटतात. सगळा वाद इथून सुरू होतो.

अमेरिकेत जाणारा बहुतेक माल इंडोनेशियातून, त्यातही बोर्निओ बेटावरच्या पश्चिम कालिमंतानमधून येतो. पाने वाळवायची, दळायची, पोती भरायची आणि जहाजावर चढवायची. तिकडे पोहोचल्यावर त्याच भुकटीच्या कॅप्सूल होतात, चहाच्या पुड्या होतात, अर्क काढून ‘शॉट’ होतात, गमीच्या गोळ्या होतात.

किती लोक घेतात आणि कशासाठी?

अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय पाहणीनुसार २०२१ मध्ये १२ वर्षांवरील सुमारे १७ लाख लोकांनी क्रॅटम घेतले होते. घेणाऱ्यांत दोन मोठे गट दिसतात. एक, जुनाट पाठदुखी, सांधेदुखीवाले. दुसरे, अफूजन्य औषधांच्या किंवा हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणारे. अमेरिकेत डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीच लाखो लोकांना व्यसन लावले. ते सोडताना होणारा त्रास क्रॅटमने सुसह्य केला, असे सांगणारे हजारो जण आहेत. त्यांच्या दृष्टीने ही बाटली म्हणजे आधार आहे. ती गेली तर आपण पुन्हा जुन्या गोळ्यांकडे किंवा रस्त्यावरच्या फेंटानिलकडे वळू, अशी त्यांना भीती वाटते.

दुसरी बाजूही तितकीच खरी. क्रॅटमचीही सवय लागते आणि सोडताना अंगदुखी, झोप उडणे, चिडचिड असा त्रास होतो. रोग नियंत्रण केंद्राने म्हणजे सीडीसीने २०१६ आणि २०१७ मधील अतिमात्रेच्या २७,३३८ मृत्यूंची नोंद तपासली, तेव्हा १५२ मृतांच्या शरीरात क्रॅटम सापडले. त्यापैकी ९१ प्रकरणांत क्रॅटम हे मृत्यूच्या कारणांपैकी एक ठरवले गेले. मात्र दुसरा कोणताही पदार्थ न सापडता फक्त क्रॅटम सापडले, अशी प्रकरणे होती सात. बाकीच्यांत फेंटानिल, हेरॉइन किंवा इतर औषधेही होती.

हे आकडे दोन्ही बाजू वापरतात. एक बाजू ‘९१’ सांगते, दुसरी ‘७’. माझ्या मते या आकड्यांचा खरा अर्थ एवढाच, की क्रॅटम निरुपद्रवी चहा नाही आणि हेरॉइनही नाही. अशा मधल्या वस्तूंसाठीच नियम लागतात. आणि नेमका इथेच अमेरिकेचा कायदा अडकला.

केंद्र सरकार काहीच का करत नाही?

करत नाही असे नाही, पण जे केले ते अर्धवट राहिले.

अमेरिकेत औषध बाजारात आणायचे तर आधी चाचण्या आणि मंजुरी लागते. ‘आहारपूरक’ म्हणून विकायच्या वस्तूंना मात्र १९९४ च्या कायद्यानुसार आधी मंजुरी लागत नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्या, प्रोटीन पावडर, जडीबुटी हे सगळे याच वाटेने विकले जाते. फक्त त्यातला घटक १९९४ नंतरचा ‘नवा’ असेल, तर तो सुरक्षित असल्याची माहिती एफडीएला द्यावी लागते. (इथे एफडीए म्हणजे अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन. आपल्याकडे गुटख्याच्या गाड्या पकडणाऱ्या राज्याच्या खात्यालाही आपण एफडीएच म्हणतो, म्हणून खुलासा.) क्रॅटम हा असाच नवा घटक आहे आणि त्याच्या सुरक्षिततेची पुरेशी माहिती कोणी दिलेली नाही, अशी एफडीएची भूमिका आहे. त्यामुळे औषध म्हणून, आहारपूरक म्हणून किंवा खाद्यपदार्थात मिसळून क्रॅटम विकणे बेकायदा, असे हे प्रशासन सांगते. २०१४ मध्ये त्याने आयात अडवण्याचा इशाराही काढला.

म्हणजे वस्तू बेकायदा आहे का? नाही, तसेही नाही. अमली पदार्थांच्या केंद्रीय यादीत क्रॅटम नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये अमली पदार्थविरोधी यंत्रणा डीईएने दोन्ही रसायने हेरॉइनच्या वर्गात, पहिल्या अनुसूचीत टाकण्याचा इरादा जाहीर केला. लोकांनी व्हाइट हाऊससमोर निदर्शने केली, ऑनलाइन याचिकेवर एक लाखाहून जास्त सह्या झाल्या, संसद सदस्यांनी पत्रे लिहिली. ऑक्टोबरमध्ये डीईएने तो इरादा मागे घेतला. आधी जाहीर करून अशी माघार ही यंत्रणा सहसा घेत नाही. पुढच्याच वर्षी आरोग्य खात्याने पुन्हा बंदीची शिफारस केली आणि २०१८ मध्ये पुरावा अपुरा असल्याचे सांगून तीही मागे घेतली.

परिणामी विचित्र पेच तयार झाला. एफडीएच्या मते ही वस्तू विकायलाच नको, त्यामुळे ती कशी बनवावी, किती मात्रा असावी, लेबलवर काय लिहावे याचे नियम एफडीए करणार नाही. कारण नियम केले तर मान्यता दिल्यासारखे होईल. आणि डीईएच्या यादीत नाव नसल्याने पोलीस दुकानदाराला पकडणार नाहीत. दुकान उघडे, माल समोर आणि तपासणारा कोणीच नाही.

पाकिटात काय निघाले?

या पोकळीची किंमत २०१८ मध्ये दिसली. देशभरात साल्मोनेला जिवाणूने लोक आजारी पडू लागले. सीडीसीने माग काढला तेव्हा धागा क्रॅटमपर्यंत गेला. ४१ राज्यांत १९९ रुग्ण. भुकटी कोणी शिजवत नाही, पाण्यात किंवा रसात ढवळून पितात. पाने वाळवताना, दळताना कुठे घाण लागली तर ती थेट पोटात जाते.

एफडीएने लास वेगासच्या ‘ट्रायँगल फार्मानॅचरल्स’ या कंपनीला माल परत घ्यायला सांगितले. कंपनीने दाद दिली नाही. तेव्हा एप्रिल २०१८ मध्ये एफडीएने सक्तीने माल परत घेण्याचा आदेश काढला. हा अधिकार प्रशासनाला २०११ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मिळाला होता. असा आदेश काढण्याची ती पहिलीच वेळ. सात वर्षांत पहिल्यांदा हे हत्यार बाहेर काढावे लागले, ते या हिरव्या भुकटीसाठी.

पुढे क्रॅटमच्या ३० उत्पादनांची तपासणी झाली, त्यात शिसे आणि निकेल सापडले. जास्त प्रमाणात रोज घेणाऱ्याच्या शरीरात हे धातू सुरक्षित पातळीपेक्षा किती तरी जास्त जाऊ शकतात, असे एफडीएने सांगितले. पाकिटावर अर्थातच यातले काही लिहिलेले नव्हते.

राज्यांनी काय नियम केले?

सार्वजनिक आरोग्याचे कायदे करण्याचा अधिकार अमेरिकेत मुख्यतः राज्यांकडे आहे. केंद्र हलत नाही म्हटल्यावर राज्ये हलली, पण दोन विरुद्ध दिशांनी.

एका गटाने थेट बंदी घातली. इंडियाना आणि विस्कॉन्सिन यात आधीच होते. २०१६ मध्ये अलाबामा, आर्कान्सा आणि व्हरमाँट आले. इंडियानाच्या कायद्यात तर झाडाच्या पानात तयार होणारे मित्रगायनिन ‘कृत्रिम अमली पदार्थां’च्या यादीत बसवले आहे. केमिस्ट्रीच्या सरांनी हे उत्तर चूक दिले असते.

दुसऱ्या गटाने २०१९ पासून ‘क्रॅटम ग्राहक संरक्षण कायदा’ आणला. पहिले राज्य युटा. त्याच वर्षी जॉर्जिया, अॅरिझोना आणि नेवाडा त्याच वाटेने गेले. नंतर ओरेगॉन, टेक्सास, फ्लोरिडा, व्हर्जिनिया अशी यादी वाढत गेली. तपशील राज्यागणिक वेगळे असले, तरी गाभा सारखा आहे. विकणाऱ्याने लेबलवर मित्रगायनिन आणि ७-ओएच किती आहे ते लिहायचे. मालात दुसरा अमली किंवा घातक पदार्थ मिसळायचा नाही. प्रयोगशाळेत बनवलेले कृत्रिम अल्कलॉइड घालायचे नाही. ७-ओएचचे प्रमाण एकूण अल्कलॉइडच्या दोन टक्क्यांवर जाऊ द्यायचे नाही. अल्पवयीनांना विकायचे नाही. युटात उत्पादनाची राज्याच्या कृषी आणि अन्न खात्याकडे नोंदणी करावी लागते. ओरेगॉननेही प्रक्रिया करणाऱ्यांना कृषी खात्याकडे नोंदणीची सक्ती केली.

वयाची अट हळूहळू वर सरकते आहे. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी १८ होती. फ्लोरिडाने २०२३ मध्ये २१ केली. २०२५ मध्ये साउथ कॅरोलायना, नेब्रास्का आणि मिसिसिपी यांनीही २१ वर्षांखालील ग्राहकाला विक्री बंद केली. जॉर्जियाने आपला जुना कायदा कडक केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे २१ वर्षे पूर्ण हवीत आणि माल ग्राहकाच्या हाताला लागणार नाही असा काउंटरमागे ठेवावा लागतो.

आता एक गोष्ट, जी या कायद्यांच्या कौतुकात अनेकदा सुटते. या कायद्याचा नमुना घेऊन राज्याराज्यांत फिरणारी संस्था आहे ‘अमेरिकन क्रॅटम असोसिएशन’, म्हणजे क्रॅटमच्या बाजूने काम करणारी संघटना. आपल्या वस्तूवर नियम लावा, अशी मागणी तिचेच पाठीराखे का करतील? कारण सरळ आहे. नियम म्हणजे बंदीपासून संरक्षण. लेबल लावून, नोंदणी करून विकलेला माल कायदेशीर ठरतो, आणि भेसळ करणारा स्वस्तातला स्पर्धक बाहेर फेकला जातो. म्हणून हा कायदा वाईट ठरत नाही. ग्राहकाचे आणि चांगल्या विक्रेत्याचे हित कधी कधी एकच असते. पण नियम कुठे सैल राहिले, हे पाहताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी.

दोन टक्क्यांच्या नियमात काय गडबड आहे?

इथे थोडे गणित करू. इंजिनीअरिंगची चार वर्षे इतकी तरी कामाला यावीत.

समजा एका पुडीत १०० मिलिग्रॅम अल्कलॉइड आहेत. नियमानुसार त्यात ७-ओएच जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम चालेल. आता अर्क घट्ट करून तेवढ्याच बाटलीत ५०० मिलिग्रॅम अल्कलॉइड बसवले. आता १० मिलिग्रॅम ७-ओएचही नियमात बसेल. प्रमाण तेच, दोन टक्के; शरीरात जाणारी मात्रा मात्र पाचपट. म्हणजे हा नियम वरून मिसळलेले ७-ओएच पकडतो, एका वेळी पोटात किती जाते ते पकडत नाही. म्हणूनच नवे कायदे करताना ‘एका मात्रेत इतके मिलिग्रॅम’ अशी ठोस मर्यादा घालण्याकडे कल वाढला आहे.

पण बाजार याच्याही पुढे गेला.

७-ओएचच्या गोळ्यांनी चित्र कसे बदलले?

गेल्या काही वर्षांत दुकानांत निव्वळ ७-ओएचच्या गोळ्या आल्या. या गोळ्या पान दळून होत नाहीत. पानातून मित्रगायनिन वेगळे काढायचे आणि त्यावर रासायनिक प्रक्रिया करून त्याचे ७-ओएच बनवायचे. प्राण्यांवरील प्रयोगांत हे रसायन मॉर्फिनपेक्षा ताकदवान ठरले आहे.

पुन्हा आकडे पाहा. सुक्या पानात ७-ओएच वजनाच्या जेमतेम ०.०४ टक्क्यांपर्यंत सापडते, म्हणजे एका ग्रॅममध्ये ०.४ मिलिग्रॅम. समजा गोळीवर १५ मिलिग्रॅम लिहिले आहे. तेवढे ७-ओएच मिळायला साडेसदतीस ग्रॅम सुके पान लागेल. इतकी पाने कोणताही थाई शेतमजूर एका बैठकीत चघळत नाही. गोळी मात्र पाण्याच्या एका घोटाबरोबर उतरते, आणि तिच्या पाकिटावरही बऱ्याचदा हिरव्या पानाचे चित्र असते.

२९ जुलै २०२५ रोजी अमेरिकेचे आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर आणि एफडीएचे तत्कालीन आयुक्त मार्टी मकारी यांनी पत्रकार परिषद घेऊन ७-ओएच पहिल्या अनुसूचीत टाकण्याची शिफारस जाहीर केली. आमचा रोख नैसर्गिक पानावर नाही, घट्ट केलेल्या ७-ओएचवर आहे, असे त्यांनी मुद्दाम सांगितले. पान आणि गोळी यांत सरकारने अशी रेघ पहिल्यांदाच मारली. शिफारस म्हणजे बंदी नव्हे. पुढची प्रक्रिया डीईएने करायची असते, हरकती मागवायच्या असतात, आणि तिला वेळ लागतो.

राज्ये तेवढी थांबली नाहीत. फ्लोरिडाच्या अॅटर्नी जनरलनी पंधरा दिवसांतच, ऑगस्ट २०२५ मध्ये, तातडीचा नियम काढून वेगळे काढलेले ७-ओएच राज्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकले. पान विकायला मुभा कायम. ओहायोने वर्षाअखेरीस त्याच प्रकारची तातडीची कारवाई केली. डिसेंबरमध्ये मिसूरी राज्यातल्या तीन कंपन्यांकडून केंद्राच्या मार्शलनी सुमारे ७३ हजार नग जप्त केले.

गंमत अशी, की ग्राहक संरक्षण कायद्यात दोन टक्क्यांची मर्यादा असलेल्या राज्यांत या गोळ्या पहिल्या दिवसापासून बेकायदा होत्या. गोळीतले जवळजवळ सगळे अल्कलॉइड ७-ओएच असेल, तर दोन टक्क्यांची मर्यादा केव्हाच ओलांडली गेली. टेक्सासचा कायदा १ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे आणि त्यात ही मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे. तरी गोळ्या दुकानांत पोहोचल्या. कायद्यात शब्द होता, दुकानात जाऊन पाकीट उचलणारा माणूस नव्हता.

तपासायचे कोणी?

सगळ्या चर्चेत मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लेबलवर ‘मित्रगायनिन इतके’ लिहायचे, हे ठीक. पण ते खरे आहे हे पाहायला नमुना उचलावा लागतो, प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, तिथे द्रव-क्रोमॅटोग्राफी यंत्रावर मोजमाप करावे लागते, आणि अहवाल न्यायालयात टिकावा लागतो. याला पैसे लागतात. बहुतेक कंपन्या ‘चाचणी प्रमाणपत्र’ देतात, पाकिटावर क्यूआर कोडही छापतात. ते प्रमाणपत्र कंपनीनेच पैसे देऊन घेतलेले असते, आणि एका खेपेचा अहवाल दुसऱ्या खेपेच्या पाकिटावर लावला, तर दुकानातला ग्राहक ते कसे ओळखणार? नोंदणी शुल्क घेणाऱ्या राज्यांकडे निदान थोडा निधी आणि कंपन्यांची यादी असते. नुसता कायदा करून खाते नेमायला विसरलेल्या राज्यांकडे तेही नसते.

त्यामुळे प्रत्यक्षात वचक बसवतात ते नुकसानभरपाईचे खटले. २०२३ मध्ये फ्लोरिडातील केंद्रीय न्यायालयाने क्रॅटम घेतल्यानंतर मरण पावलेल्या एका महिलेच्या कुटुंबाला एक कोटी १० लाख डॉलरहून अधिक भरपाई देण्याचा निकाल विक्रेत्या कंपनीविरुद्ध दिला. पण खटला उभा राहतो तो माणूस गेल्यावर.

मग सरळ बंदी बरी नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्याने २०२५ मध्ये दोन राज्यांनी काय केले ते पाहावे. लुइझियानात क्रॅटम विकायला परवानगी होती. १ ऑगस्ट २०२५ पासून तिथे संपूर्ण बंदी आली, पानासकट. त्याच उन्हाळ्यात ऱ्होड आयलंडने उलटा निर्णय घेतला. तिथे २०१७ पासून बंदी होती. ती उठवून परवाना, लेबल आणि २१ वर्षे वयाच्या अटीवर एप्रिल २०२६ पासून विक्रीला परवानगी देणारा कायदा मंजूर झाला. एका राज्याला नियम पुरेसे वाटले नाहीत, दुसऱ्याला बंदी निरुपयोगी वाटली.

क्रॅटमच्या मूळ देशानेही हा प्रवास केला आहे. थायलंडने १९४३ मध्ये क्रॅटमवर बंदी घातली. त्या काळी अफूवरचा कर हे सरकारचे उत्पन्न होते आणि लोक अफूऐवजी फुकटच्या झाडाची पाने खाऊ लागले होते, हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. बंदी असतानाही दक्षिण थायलंडमध्ये पाने चघळली जात राहिली, उलट तरुणांनी क्रॅटमचा काढा, कोला आणि खोकल्याचे औषध एकत्र करून नवे पेय काढले. ऑगस्ट २०२१ मध्ये थायलंडने क्रॅटम अमली पदार्थांच्या यादीतून काढले आणि पुढच्या वर्षी स्वतंत्र कायदा करून १८ वर्षांखालील मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांना विक्री करण्यास मनाई केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही २०२१ मध्येच क्रॅटमवर आंतरराष्ट्रीय नियंत्रणाचा सखोल आढावा घेण्याइतका पुरावा नाही, पण लक्ष ठेवावे, असे म्हटले.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. टपरीवर काय मिळते आणि कोणत्या दराने मिळते, हे वाचकांना सांगायची गरज नाही. बंदीमागे तपासणीची यंत्रणा नसेल तर माल फक्त काउंटरवरून काउंटरखाली जातो. नियमांचेही तसेच, यंत्रणा नसेल तर लेबल म्हणजे नुसती छपाई.

अमेरिकेत शिकणाऱ्या, राहणाऱ्या मराठी मुलांनी काय लक्षात ठेवावे?

पहिली गोष्ट, राज्याची हद्द. इलिनॉयमध्ये १८ वर्षांवरील व्यक्तीला क्रॅटम विकत घेता येते, पण त्याच राज्यातल्या काही शहरांनी आपापल्या हद्दीत बंदी घातली आहे. कॅलिफोर्नियात सॅन दिएगो शहराने आणि फ्लोरिडात सारासोटा काउंटीने असेच केले. वेस्ट लाफायेतला पर्ड्यू विद्यापीठात शिकणारा विद्यार्थी इंडियानात राहतो, तिथे ते जवळ बाळगणेही बेकायदा आहे. शनिवार-रविवारी शिकागोला जाऊन परतताना बॅगेत राहिलेले पाकीट म्हणूनच महागात पडू शकते.

दुसरी, व्हिसा. केंद्रीय यादीत क्रॅटम नसल्याने इमिग्रेशन कायद्यातले अमली पदार्थांचे कलम आपोआप लागेल असे नाही. पण व्हिसाच्या अर्जात ‘तुम्हाला कधी अटक झाली आहे का’ हा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर खरे द्यावे लागते. शंभर रुपयांच्या नोटेइतकी छोटी पुडी आणि त्यासाठी वकील, हे गणित कोणालाच परवडणारे नाही.

तिसरी आणि आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी. यकृतातली जी विकरे अनेक औषधांचा निचरा करतात, त्यांच्या कामात क्रॅटम अडथळा आणते. नैराश्य, चिंता, झोप किंवा वेदनेसाठी गोळ्या चालू असतील तर ती औषधे शरीरात साठू शकतात. मद्य किंवा झोपेच्या गोळीबरोबर श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. ‘हर्बल आहे’ म्हणून डॉक्टरांना न सांगणे ही इथली सर्वांत सामान्य चूक.

माझ्या मित्राने ते पाकीट विकत घेतले नव्हते. नंतर त्याने त्याच दुकानातला आणखी एक फोटो पाठवला. मागच्या बाजूचे लेबल त्यात दिसत होते. मित्रगायनिनच्या पुढे मिलिग्रॅमचा आकडा होता, ७-ओएचच्या पुढे काहीच नव्हते, आणि खाली बारीक अक्षरात लिहिले होते, की ज्या राज्यांत बंदी आहे तिथे हा माल पाठवला जात नाही. त्या राज्यांची यादी पाहण्यासाठी शेजारी क्यूआर कोड होता. त्याने तो स्कॅन करून पाहिला. पान उघडले नाही.